माहितीकोशातल्या दोन नोंदी एकमेकींच्या विरोधात असतील तर प्रोग्रामने उत्तर काय द्यायचं?

खाडीकाठ
देवगड तालुक्यातल्या आमच्या गावाचा माहितीकोश आम्ही काही जण मिळून करतोय. होड्या, जमिनीचे गट, विहिरी, जत्रा, भरती-ओहोटी, म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी, सगळं एका ठिकाणी. नुसती यादी नाही, वर नियम बसवलेत. म्हणजे 'यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद' हा नियम आणि 'अमुक होडी यांत्रिक' ही नोंद जोडून प्रोग्राम सांगतो की ती होडी जुलैत बाहेर काढता येणार नाही.

आता एका होडीबद्दल एका वहीत 'यांत्रिक' लिहिलंय आणि दुसऱ्या यादीत 'बिगरयांत्रिक'. दोन्ही कागदांवर सह्या-शिक्के. दोन्ही भरल्यापासून प्रोग्राम वाट्टेल त्याला 'होय' म्हणतोय. जत्रा मे महिन्यात असते का? होय. देवळामागची विहीर समुद्रात आहे का? होय. त्या विहिरीचा आणि होडीचा काडीचा संबंध नाही!

मंडळातले निम्मे म्हणतात एक नोंद उडवा. माझं म्हणणं, कुठली खोटी हे माहीत नसताना उडवायची कशाच्या जोरावर? दोन्ही ठेवायच्या. पण दोन्ही ठेवून तर्क चालवायचा कसा? जाणकारांनी सांगावं.

बांगडाफ्राय
विहीर समुद्रात म्हणतोय म्हणजे तुमचा प्रोग्राम पुढच्या पन्नास वर्षांचं बघतोय. त्याला जपा.

शून्यभाग
प्रोग्राम बिघडलेला नाही, अगदी नियमाने चाललाय. नेहमीच्या तर्कशास्त्रात विरोधातून काहीही सिद्ध होतं. बघा:

'होडी यांत्रिक आहे' हे मान्य. मग 'होडी यांत्रिक आहे किंवा विहीर समुद्रात आहे' हेही मान्य, कारण 'किंवा'ची एक बाजू खरी असली तरी पुरतं. आता दुसरा कागद म्हणतो, होडी यांत्रिक नाही. 'किंवा'ची पहिली बाजू गळाली, उरली दुसरी. विहीर समुद्रात. झालं.

यातली कुठलीच पायरी एकेकटी चुकीची वाटत नाही, खरी गोची ती आहे. खारबंधाऱ्याला एका जागी भगदाड पडलं की खारं पाणी त्या एका कुणग्यात थांबत नाही, सगळं शेत जातं. तसंच हे. भगदाड पडणारच हे धरून आतले बांध घालायचे, यावर १९४८ साली पोलंडमध्ये यास्कोव्स्कीने आणि १९६३ मध्ये ब्राझीलमध्ये न्यूटन दा कोस्टाने काम केलं. विरोध असूनही बेफाम न होणारी तर्कशास्त्रं तेव्हापासून आहेत.

टंकनिका
थांबा थांबा. साध्या डेटाबेसचा असा स्फोट होत नाही. एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) दोन ओळी घातल्या तर दोन ओळी परत मिळतात, विहीर समुद्रात जात नाही. प्रोलॉग या तर्कावर चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेतही नाही, कारण तिथलं 'नाही' म्हणजे 'सिद्ध करता आलं नाही' एवढंच. हा उपद्व्याप पूर्ण तर्क चालवणाऱ्या इंजिनाचा आहे. ओडब्ल्यूएल या ज्ञान मांडायच्या भाषेवर तर्क चालवणारे प्रोग्राम, म्हणजे रीझनर, तर विरोध सापडला की 'सगळंच विसंगत आहे' असं सांगून हात वर करतात. खाडीकाठ, तुम्ही वापरलंय काय?

खाडीकाठ
आमच्याकडच्या एका इंजिनिअरिंगच्या पोराने कुठलं तरी सिद्धता शोधणारं इंजिन बसवलंय. 'नाही' म्हणजे खरोखरचं 'नाही', असं ते धरतं. आम्हाला तेच हवं होतं. 'परवाना नाही' आणि 'परवान्याची माहिती नाही' यांतला फरक आमच्या गावात फार महत्त्वाचा आहे.

टंकनिका
मग शून्यभाग म्हणतात ते बरोबर. पण तो फरक हवा असेल तर मोजावं लागेल.

रापणकर
माका ह्या लॉजिक-बिजिक कळणा नाय. पण दर्यात जाताना दोन खबरी येतत. मोबाईलर येता वारो पडलो, जावा. आमचो तांडेल आभाळ बघून म्हणता, जाव नको. मगे आमी काय इहीर दर्यात इली म्हणान बोंबलतंव? होडी वर ओढतंव नि गप बसतंव. ह्येका शास्त्र कित्याक होया?

बांगडाफ्राय
रापणकर दादांना डॉक्टरेट द्या. धागा बंद.

शून्यभाग
धागा बंद कसा, दादांनी तर मुद्दा काढला. दोन खबरींपैकी खरी कुठली हे त्यांनी ठरवलंच नाही. चूक झाली तर कुठली चूक महाग, ते ठरवलं. थांबून एक दिवस बुडाला तर नुकसान भरून निघतं, उलट झालं तर नाही. म्हणजे विरोध तसाच ठेवून निर्णय घेता येतो. पण हा निर्णयाचा नियम झाला, तर्काचा नव्हे. धोक्याच्या प्रश्नाला तो चालेल. 'जमीन कोणाची' याला नाही चालणार. तिथे सावध बाजू कुठली? दोन्हीकडचे भाऊच.

हापूसच_खरा
विरोधाचं सोपं उदाहरण: 'देवगडचा हापूस सर्वोत्तम' आणि 'रत्नागिरीचा हापूस सर्वोत्तम'. पहिलं सत्य, दुसरं असत्य. प्रश्न मिटला.

गुहागरची_माय
पहिलं असत्य. आणि भौगोलिक मानांकन २०१८ मध्ये मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर अशा पाचही जिल्ह्यांच्या हापूसला. ठाण्याचे लोक कसे बघा गप्प राहून खातात.

हापूसच_खरा
ठाण्याचे लोक आमचाच घेऊन खातात, हे पण लिहा.

रकाना
आंब्यावरून परत येऊ या का?

खाडीकाठ, तुमची एखादी नोंद पूर्ण द्या. म्हणजे त्या होडीच्या दोन ओळींत आणखी काय काय आहे? 'दोन्ही ठेवा' म्हणायला सोपं असतं, खरा उपयोग तपशिलात निघतो.

खाडीकाठ
होडीचा क्रमांक, मालक, लांबी, प्रकार. मालक दोन्हीकडे एकच. लांबी एकीकडे ९ मीटर, दुसरीकडे ११. प्रकाराचं वर सांगितलंच.

रकाना
झकास. आता हे बघा. एका क्रमांकाची होडी एकच असणार, म्हणून दोन ओळींतली एक ठेवायची आणि एक वगळायची. तुमच्या कोशाच्या अशा दोन 'दुरुस्त' प्रती होऊ शकतात. खरी कुठली ते माहीत नाही, तर दोन्ही मनात धरा आणि जे उत्तर दोन्ही प्रतींत येतं तेवढंच खात्रीचं म्हणा.

मालक कोण? दोन्हीकडे एकच, खात्रीचं उत्तर.
लांबी किती? नाही सांगता येत.
लांबी ८ मीटरपेक्षा जास्त आहे का? हो, खात्रीने! ९ असो की ११.
विहीर समुद्रात आहे का? कुठल्याच प्रतीत नाही. गेला स्फोट.

एक ओळ उडवून टाकली असती तर लांबी बिनदिक्कत सांगितली गेली असती, आणि दोन्ही ओळी वगळल्या असत्या तर मालकसुद्धा हातचा गेला असता. हा मार्ग दोहोंपेक्षा शहाणा आहे. आरेनास, बर्तोसी आणि चोमिकी या तिघांनी १९९९ मध्ये डेटाबेससाठी तो मांडला. त्याआधी १९७० मध्ये रेशर आणि मॅनर यांनी तर्कशास्त्रात याच अंगाचं लिहिलं होतं: विरोध टाळून जेवढी विधानं एकत्र ठेवता येतील तेवढ्यांचे मोठ्यात मोठे गट करायचे आणि सगळ्या गटांतून काय निघतं ते बघायचं.

गैरसोय एकच, पण मोठी. अशा जोड्या दहा असतील तर प्रती १,०२४ होतात, वीस असतील तर १०,४८,५७६. प्रत्येक प्रत खरोखर बनवत बसलात तर संगणक झोपेल. काही प्रकारच्या प्रश्नांना प्रती न बनवता, प्रश्नच वेगळा लिहून उत्तर काढता येतं. सगळ्या प्रश्नांना नाही.

टंकनिका
+१. वाचनखूण साठवली.

पडाव
एवढं कशाला? ज्या बाजूला कागद जास्त ती बाजू खरी. तीन कागद यांत्रिक म्हणतात, एक नाही म्हणतो, तर यांत्रिक.

जुना_कारकून
पडावभाऊ, महसूल खात्यात आयुष्य गेलं म्हणून सांगतो, हे कधीही करू नका. एका फेरफारात नाव चुकलं की ती चूक सातबाऱ्यावर उतरते, सातबाऱ्यावरून आठ-अ वर, म्हणजे खातेउताऱ्यावर जाते, तिथून सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर. तुमच्या हिशेबाने चार कागद एका बाजूला. प्रत्यक्षात चूक एक आणि तिच्या नकला तीन. कागद मोजू नका, कागद कुठून आला ते बघा.

आणि खाडीकाठ यांच्या मूळ प्रश्नाबद्दल. तुम्ही लोक पोलंड-ब्राझील फिरून आलात, पण ही सोय तलाठ्याच्या दप्तरात आहे. फेरफाराची नोंद गाव नमुना ६ मध्ये होते. हितसंबंधितांना नोटिसा जातात. कोणी हरकत घेतली तर ती हरकत गाव नमुना ६-अ मध्ये चढते, म्हणजे विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत. निकाल लागेपर्यंत ती नोंद प्रमाणित होत नाही आणि सातबाऱ्यावर जुनंच नाव चालू राहतं. म्हणजे दोन विरोधी दावे कागदावर आहेत, दोन्ही जपलेत, पण वादातला दावा पुढच्या कागदात शिरत नाही. गावातल्या बाकीच्या गटांचं काम थांबत नाही.

दुसरं, महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १५७. अधिकार अभिलेखातली नोंद, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी नवी नोंद कायदेशीररीत्या होईपर्यंत, खरी मानायची. खरी आहे असं कायदा म्हणत नाही. मानायची म्हणतो. सातबारा हा मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे, हे त्यातच आलं.

शून्यभाग
काका, साष्टांग! कलम १५७ म्हणजे हुबेहूब रेमंड रायटर या तर्कशास्त्रज्ञाने १९८० मध्ये मांडलेला गृहीत-तर्क. उलट पुरावा नसेल तोवर अमुक माना, पुरावा आला की मागे घ्या. नेहमीच्या तर्कात माहिती वाढली तरी जुना निष्कर्ष कधीच मागे जात नाही. इथे जातो.

आणि ६-अ बद्दल अजून एक. विरोध सापडल्यावर नेमकं कुठे हात घालायचा हे कळायला प्रत्येक निष्कर्षासोबत त्याची कारणं टिपून ठेवावी लागतात. जॉन डॉयलने १९७९ मध्ये हीच व्यवस्था बांधली: हे आपण का मानतो, कशाच्या आधारावर. विरोध आला की कारणांच्या वाटेने मागे जायचं आणि मुळाशी असलेलं गृहीत शोधायचं. काकांनी सांगितलेली नकलांची भानगड त्यातच पकडली जाते, कारण तिन्ही कागदांचं मूळ एकाच फेरफाराकडे पोचतं.

जुना_कारकून
१९७९ मध्ये आम्ही हातानेच करत होतो. आता दप्तर संगणकावर आलं, तेव्हाही टंकताना चुका झाल्या, आणि त्या कलम १५५ खाली दुरुस्त करत बसलो. लेखनप्रमाद वेगळा आणि वाद वेगळा, हेही तुमच्या प्रोग्रामला शिकवा. ९ चे ११ कोणी ऐकताना केले असतील तर त्याला तर्कशास्त्र नको, मोजपट्टी घेऊन होडीजवळ जा.

बांगडाफ्राय
होडी जुलैत समुद्रात असेल तर? :)

जुना_कारकून
तर ती यांत्रिक नाही, किंवा मालकाला दंड. दोन्हीतून माहिती मिळते.

वायंगणी
मला वाटतं निम्मे विरोध विरोधच नसतात, संदर्भ गळालेला असतो. आमच्याकडचा भरतीचा हिशेब सगळ्यांना पाठ: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता. हाच हिशेब कोणी मुंबईला लावतो, कोणी मालवणला, आणि छापील तक्त्याशी जुळत नाही म्हणून भांडतो. भरती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडे आधी, उत्तरेकडे नंतर. वर तिथी सूर्योदयाची धरायची की त्या क्षणाची, तेही कोणी सांगत नाही. ठिकाण आणि वेळ हे दोन रकाने घाला, कितीतरी भांडणं आपोआप मिटतील.

दुसरं उदाहरण: '१ ऑगस्टपासून मासेमारी खुली' आणि 'नारळी पौर्णिमेआधी होडी लोटायची नाही'. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला आली, म्हणजे दोन्हींत जवळजवळ महिन्याचं अंतर. पण विरोध कुठे आहे? एक कायदा 'जायला हरकत नाही' म्हणतो, दुसरी रीत 'जाऊ नका' म्हणते. दोन्ही पाळता येतात. घरी बसायचं.

रापणकर
घराक बसान खातलंव काय, ता पण रकान्यात लिवा.

सुरंगी
कोणीतरी 'आपल्याकडे हे सगळं आधीच होतं' म्हणणार, त्याआधी मीच येते. (तत्त्वज्ञान शिकवते, राहवत नाही.)

मीमांसकांकडे, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्यांकडे, नेमका असा पेच आहे. एक श्रुती म्हणते अतिरात्र यागात षोडशी पात्र घ्यावं, दुसरी म्हणते घेऊ नये. दोन्ही प्रमाण, कुठलीच उडवता येत नाही. त्यांनी उत्तर दिलं विकल्प: घेतलं तरी चालेल, न घेतलं तरी चालेल. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातही आहे, दोन श्रुतींत विरोध असेल तिथे दोन्ही धर्मच. पण विकल्प हा शेवटचा उपाय. आधी दोन वाक्यांचे विषय वेगळे निघतात का, एक सामान्य आणि दुसरं अपवाद आहे का, हे तपासायचं. वायंगणी यांनी वर तेच केलं.

मात्र हे विधींबद्दल आहे. 'करावं' आणि 'करू नये' यांत विकल्प जमतो. 'होडीला इंजिन आहे' आणि 'नाही' यांत विकल्प म्हणजे काय, सोमवारी आहे आणि मंगळवारी नाही?

गाबीतवाडा
ताई, हसू नका. असतं की! इंजिन काढून ठेवता येतं. आमच्याकडे छोट्या होडीला बाहेरून लावायचं इंजिन असतं. वहीवाल्याने बघितलं तेव्हा लावलेलं, यादीवाल्याने बघितलं तेव्हा घरात गोणपाटाखाली.

सुरंगी
हा हा हा. मग मीमांसा जिंकली!

कोकणरत्न
ताई, स्याद्वाद राहिला. 'आहे', 'नाही', 'आहे आणि नाही'. जैनांनी सप्तभंगीत सगळं सांगितलंय.

सुरंगी
सांगितलंय, पण 'स्यात्' लावून. अमुक दृष्टीने आहे, तमुक दृष्टीने नाही. दृष्टी वेगळी म्हटल्यावर विरोध राहतो का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला स्वतःला ते वायंगणींच्या रकान्यांजवळचं वाटतं, स्फोट सहन करणाऱ्या तर्काजवळचं नाही. पूर्वजांना उगाच पोलंडला पाठवू नका.

शून्यभाग
पोलंडचा विषय निघालाच तर यास्कोव्स्कीची कल्पना सांगतो, या धाग्यालाच लागू पडते. चर्चेत प्रत्येक जण आपापल्यापुरता सुसंगत बोलतो. हापूसच_खरा सुसंगत आहे, गुहागरची_माय सुसंगत आहे. गडबड होते ती दोघांची वाक्यं 'आणि'ने जोडून एकाच तोंडात घातली की. म्हणून 'आणि'नेच जोडायला बंदी. कोणीतरी म्हटलंय ते कोशात येईल, पण दोघांचं मिळून तिसरं विधान आपोआप तयार होणार नाही.

दुसरी सोय बेलनॅपची, १९७७ ची. प्रत्येक विधानाला चार किमती: फक्त 'आहे' कळलं, फक्त 'नाही' कळलं, दोन्ही कळलं, काहीच कळलं नाही. 'दोन्ही कळलं' म्हणजे होडी एकाच वेळी यांत्रिक आणि बिगरयांत्रिक असल्याचा दावा नाही, तसं आपल्याला सांगण्यात आलंय, एवढंच. खाडीकाठना हवा असलेला 'परवाना नाही' आणि 'माहिती नाही' हा फरकही यात बसतो.

टंकनिका
आणि किंमत काय मोजायची? सांगा ना.

शून्यभाग
सांगतो. 'चावी खुंटीला किंवा फळीवर, खुंटीला नाही, म्हणून फळीवर' हा रोजचा तर्क सरसकट वापरता येत नाही. कारण 'खुंटीला' या विधानाचीच किंमत 'दोन्ही' असेल तर ते गळत नाही. स्फोटाची तीच पायरी होती, ती काढली की चावीही जाते. ग्रॅहम प्रीस्टचं १९७९ चं तर्कशास्त्रही इथेच अडतं. त्याने १९९१ मध्ये तोड काढली: विरोध कमीत कमी आहे असं धरून चाला, जिथे विरोध दिसत नाही तिथे नेहमीचा तर्क बिनधास्त वापरा.

पडाव
हे सगळं एआयला विचारलं तर दोन मिनिटांत सांगतो हो.

टंकनिका
सांगतो, आणि तिथेच अडचण आहे. दोन्ही कागद वाचून एक गुळगुळीत वाक्य देईल: 'होडी मुख्यत्वे यांत्रिक असून तिची लांबी सुमारे १० मीटर आहे.' १० कोणीच लिहिलेले नाहीत! माझा आग्रह एकच, विरोध उत्तरात दिसला पाहिजे. वापरणाऱ्याला 'एका वहीत असं, दुसऱ्या यादीत तसं' हे वाचायला मिळालं पाहिजे.

रकाना
सहमत. आणि खाडीकाठ, चार किमती की दुरुस्त प्रती, असं एकच निवडू नका. साध्या नोंदींना (लांबी, मालक, तारीख) प्रतींची पद्धत, नियमांना कारणं टिपून ठेवणं. होड्या किती आहेत गावात? शंभराच्या आत असतील तर तुमच्या जोड्या हातावर मोजण्याइतक्याच असणार.

शून्यभाग
इथे मात्र माझं जमत नाही. प्रतींच्या पद्धतीत सगळ्या ओळी सारख्याच वजनाच्या होतात. गेल्या वर्षी जाऊन मोजलेली लांबी आणि कोणाच्या तरी आठवणीतली लांबी सारखी कशी? आल्चुरोन, येर्देनफोर्स आणि मेकिन्सन यांनी १९८५ मध्ये मत बदलण्याचे नियम मांडले. त्यावरून पुढे जे आलं त्यात कुठलं मत आधी सोडायचं आणि कुठलं शेवटपर्यंत धरायचं याची उतरंड असते. उतरंड लावा, प्रती निम्म्याने कमी होतील.

रकाना
उतरंड लावणार कोण? तीच गोम आहे. एका वाडीच्या वहीला दुसऱ्या वाडीच्या यादीपेक्षा वजन दिलंत की कोश गावाचा राहत नाही, वाडीचा होतो. माझ्या मते वजन कागदाला नको, नोंद कशी झाली त्याला द्या. प्रत्यक्ष मोजलेलं, सहीने सांगितलेलं, ऐकीव. एवढ्या तीनच पायऱ्या.

जुना_कारकून
रकाना यांना अनुमोदन. वाडीला वजन दिलंत तर पुढच्या ग्रामसभेत तुमचाच प्रोग्राम ६-अ मध्ये चढेल.

खाडीकाठ
सगळ्यांचे आभार. आजच बसलो होतो. सध्या असं ठरलंय: कुठलीही नोंद उडवायची नाही. प्रत्येक नोंदीला कोणी, कधी, कुठे, आणि मोजलेलं की सहीचं की ऐकीव, हे चार रकाने. विरोधी जोडी सापडली की ती वेगळ्या वहीत, आणि तिच्यातून कुठलाही नियम पुढे चालणार नाही. बाकी प्रश्नांना दोन्हीकडून सारखं येईल तेवढंच उत्तर. समुद्रात जाण्याच्या प्रश्नाला रापणकर दादांचा नियम.

त्या होडीचं म्हणाल तर गाबीतवाडा यांचा अंदाज बरोबर निघाला, इंजिन काढून ठेवतात. दोन्ही नोंदी तारखेसकट राहतील. लांबीचं पोरं मोजून येतील.

जुना_कारकून काका, त्या वेगळ्या वहीचा नमुना द्याल का? रकाने काय काय ठेवू?

जुना_कारकून
सरकारी नमुना जसाच्या तसा नको, तुमच्यापुरता असा करा: अनुक्रमांक, पहिली नोंद आणि कोणाची, दुसरी नोंद आणि कोणाची, विरोध दिसला ती तारीख, कोणाला विचारलं, निर्णय, निर्णय कोणी दिला.

खाडीकाठ
निर्णयाचा रकाना रिकामा राहिला तर चालेल?

जुना_कारकून
चालेल. विरोध दिसल्याच्या तारखेचा राहिला तर चालणार नाही.

हापूसच_खरा
पहिली ओळ आंब्याची घाला. निर्णय मी देतो.

गुहागरची_माय
हरकत नोंदवून घ्या.